घसारेकाका

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ फक्त कुरिअरवाल्यावर येते. आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये कामाला आलेल्या माणसाच्या हातून काही फुटलं, तडकलं, गळायला लागलं की जिन्यातून एकच हाक जाते, "घसारेकाकांना बोलवा!" काका येतात, पण लगेच नाही. आधी लेंगा बदलून पँट घालतात, कारण लेंग्यात केलेली पाहणी कोणी मानत नाही असं त्यांचं मत आहे. मग खांद्याला रेक्झिनची बॅग अडकवतात. बॅगेत स्टीलची टेप, ओळंबा, टॉर्च, भिंग, लादी पोकळ आहे का हे वाजवून बघायला एक रुपयाचं जुनं जाड नाणं, आणि लांबट हिशेबाची वही.

काका सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झाले. 1973 साली सरकारनं देशातल्या 107 सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या चार कंपन्या केल्या. त्यानंतर लवकरच काका फोर्टातल्या एका कचेरीत चिकटले, आणि जळालेली गोदामं, भिजलेल्या कापसाच्या गासड्या, घाटात उलटलेले ट्रक यांच्या किमती ठरवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर लोक शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात. काकाही मारतात, पण मान वर करून, लोकांच्या सज्ज्यांच्या भेगा बघत.

नुकसानभरपाई म्हणजे काय, हे ते कोणालाही, न विचारता, समजावून सांगतात. अपघाताच्या आदल्या मिनिटाला माणूस जिथे होता तिथे त्याला परत नेऊन बसवायचं. एक इंचही पुढे नाही. आदल्या मिनिटाला तुमची लादी चाळीस वर्षांची होती ना? मग तुम्हाला चाळीस वर्षांची लादी मिळेल. बाजारात नाही मिळाली तर घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, वजा करून तिची किंमत मिळेल. ती किंमत सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटून येते ती भल्या भल्या डॉक्टरांना जमत नाही.

श्रीखंडाची केस अजून बिल्डिंगमध्ये सांगितली जाते. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू होतं. मिस्त्रीनं जुन्या लाद्या काढायला ब्रेकर लावला आणि खाली, दुसऱ्या मजल्यावर, जावईबापू जेवायला बसलेले असताना छताचा परातीएवढा गिलावा सुटून थेट श्रीखंडाच्या पातेल्यात पडला. पाच मिनिटांत जिन्यात सभा भरली. मिस्त्री म्हणाला, "प्लास्टर तो पहले से ढिला था." वरचे म्हणाले, "आम्ही मजुरीचा ठेका दिलाय. तोडफोड त्याची, आमचा काय संबंध?" सेक्रेटरींनी उपविधी काढले. संडास-बाथरूमची, सिंकची आतली गळती सभासदानं निस्तरायची. पावसाची आणि बाहेरच्या सामायिक पाइपाची सोसायटीनं. गिलाव्याच्या पडझडीवर त्यांनी थोडं मौन पाळलं आणि श्रीखंडाबद्दल उपविधी गप्प आहेत असं जाहीर केलं. खालचे म्हणाले, "का देणार ते मला नको. कोण देणार तेवढं सांगा."

काकांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, स्टुलावर चढून छतावर नाणं वाजवलं, पातेल्यात टॉर्च मारला आणि खाली उतरून पहिला प्रश्न विचारला, "आपोआप पडायला याला अजून किती दिवस होते?"

याला उत्तर कोण देणार? पण काकांची तीच रीत आहे. ते नुकसानाची सुरुवात नुकसानाच्या आधीपासून करतात. मग त्यांनी वरच्यांना सुनावलं. खालच्यांनी मिस्त्रीशी करार केलेला नाही, त्यांनी त्याचं तोंडही आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा संबंध तुमच्याशी. तुम्ही त्यांना भरा, मग मिस्त्रीच्या बिलातून कापा किंवा त्याच्याशी कुस्ती खेळा. आणि काय भरायचं? गिलावा बिल्डिंगबरोबरचा, म्हणजे 1964 चा. त्याचं आयुष्य मागेच संपलं, तो केवळ सवयीनं वर राहिला होता. किंमत शून्य. नव्या गिलाव्याची मजुरी वरच्यांच्या मिस्त्रीची. सिमेंट-रेती निम्मी निम्मी, कारण खालच्यांना जुन्याच्या जागी नवं छत मिळतंय. श्रीखंड मात्र त्याच सकाळी आणलेलं. "श्रीखंडाला घसारा नाही," काका म्हणाले, "पूर्ण किंमत. चारोळीसकट." जावयाच्या फजितीचं काय, असं सासूबाईंनी दाराआडून विचारलं, तेव्हा त्यांनी फजितीला बाजारभाव नसल्याचं खेदानं सांगितलं.

खालचे महिनाभर धुसफुसत होते. साठ वर्षं डोक्यावर असलेल्या छताची किंमत शून्य आणि श्रीखंडाची पूर्ण? वरचेही धुसफुसत होते. मिस्त्री तर शेवटपर्यंत श्रीखंडाचे पैसे देताना "हमने खाया भी नहीं" म्हणत होता. पण मला वाटतं, काकांच्या निकालाची खरी ताकद इथेच आहे. त्यांची रक्कम कोणालाच पटत नाही, सगळ्यांना सारखीच झोंबते. त्यामुळे चिडायचं ते काकांवर चिडता येतं आणि जिन्यात एकमेकांना तोंड चुकवत फिरावं लागत नाही. बिल्डिंगमधली दोन कुटुंबं वीस वर्षं एका गळक्या पाइपावरून बोलत नव्हती. ती काकांच्या निवृत्तीच्या आधीची गोष्ट.

भांडण फारच तापलं तर काका चहा मागवतात आणि 1944 ची गोष्ट काढतात. त्या साली 14 एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली. बोटीत कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. त्यातली एक वीट मैलभर उडाली आणि एका पारशी गृहस्थाच्या घराचं पत्र्याचं छप्पर फोडून व्हरांड्यात पडली. काकांचा जन्म नंतरचा, पण आपण स्वतः त्या व्हरांड्यात टेप लावून आल्यासारखं ते सांगतात. ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, "मग त्यांनी वीट परत केली?" केली. काकांना त्यात रस नसतो. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो, "छपराचं भोक कोणी बुजवलं?" मग ते डोळे मिटून, मंत्र म्हणावा तसं, 'बॉम्बे एक्स्प्लोजन (कॉम्पेन्सेशन) ऑर्डिनन्स, 1944' म्हणतात. एवढा स्फोट, कोणाच्या विम्यात काय बसतं याचा घोळ, शेवटी सरकारनंच नुकसान आपल्या अंगावर घेतलं. तात्पर्य मात्र ते भलतंच काढतात, की तुमचं छप्पर फोडणारी वस्तू तुमची होत नाही. हे तात्पर्य बहुतेक वेळा अशा सभासदाला ऐकवलेलं असतं, ज्यानं मिस्त्रीचं ड्रिल मशीन तारण म्हणून कपाटात कोंडून ठेवलंय.

काकांची आक्का गिरगावात, ठाकूरद्वारला, चाळीत राहते. वय 75. चाळीच्या गॅलरीची दुरुस्ती मालकानं काढली होती आणि परांचीवरून बिगाऱ्याच्या हातची पहार सुटून तिच्या मोरीत पडली. मोरीची लादी गेली, नळ गेला, पाण्याचं पिंप गेलं. ठेकेदार म्हणाला, मालकानं माझंच बिल दिलेलं नाही. मालक म्हणाला, इमारत दुरुस्तीचा सेस भरणारी आहे, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जा. मंडळात म्हणाले, हे काम आमचं नाही, ज्यानं काढलं त्याला विचारा. गिरगावात हा फेरा नवा नाही. तिथे काही चाळींना खांबांपेक्षा टेकूच जास्त आहेत, आणि प्रत्येक टेकू कोणी लावायचा होता यावर एक स्वतंत्र फाइल आहे.

काकांनी वही काढली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14. दुरुस्ती मालकाची. लेखी नोटीस द्या. पंधरा दिवसांत त्यानं केली नाही तर भाडेकरूनं करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. आक्काचा चेहरा उजळला. काका पुढे वाचत गेले. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शाहून जास्त नको. आक्काचं भाडं महिना 80 रुपये. वर्षाचे 960. त्याचा पाव, 240. मोरीचा खर्च 12,000. काकांनी भागाकार केला, पुन्हा केला, आणि चष्मा काढून म्हणाले, "आक्का, पन्नास वर्षं लागतील. तू सव्वाशेची होशील."

आक्का म्हणाली, "मालकाला कळव. मी थांबते."

मेट्रो-तीन गिरगावाखालून खोदत होते तेव्हाचे दिवस काकांच्या आयुष्यातले सोन्याचे. साडेतेहेतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग, आणि तो जाणार जुन्या लाकडी-विटांच्या चाळींच्या पोटाखालून. खोदण्याआधी इमारतींची पाहणी, भेगांचे फोटो, भिंती कलतात का हे बघायला भिंतींवर चिकटवलेली यंत्रं. रहिवासी भीतीनं अर्धे झाले होते. काका आठवड्यातून दोनदा आक्काकडे जायचे, आक्काला वाटायचं भाऊ काळजीनं येतो. तो यंत्रं बघायला यायचा. "आधीची स्थिती!" ते हात जोडून म्हणायचे, "बघ, एवढी मोठी कंपनी आधीच्या स्थितीचे फोटो काढते, आणि आपले लोक साडेतीन लाखांचं बाथरूम फोडायला देतात, एक फोटो न काढता!" फोर्टात जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या 1898 च्या इमारतीचा वरचा कोरीव दगडी भाग 2017 मध्ये खाली आला आणि तो मेट्रोच्या कामानं का कशानं हा वाद उच्च न्यायालयात पोचला, तेव्हा काका रोज पेपर आला की आधी ती बातमी शोधायचे. क्रिकेटचा स्कोअर नंतर.

त्यातूनच आमच्या बिल्डिंगला शिस्त लागली. आता कोणाकडेही काम निघालं की आदल्या दिवशी काका मोबाइल घेऊन वर, खाली आणि शेजारी अशा तिन्ही घरांत फिरतात. प्रत्येक भिंतीचा फोटो, त्यात त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरलेली त्या घरची एक व्यक्ती. बिल्डिंगमधल्या सगळ्या गृहिणींचे असे फोटो काकांकडे आहेत, मागे भेग, हातात 'महाराष्ट्र टाइम्स', चेहऱ्यावर अपहरण झाल्याचा भाव. भेगेवर ते काचेची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवतात. भेग हलली की काच तडकते, आणि मग "ती आधीपासूनच होती" असं कोणी म्हणायचं नाही. मिस्त्रीचे शेवटचे दहा टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायचे. बाथरूमच्या कामात तर आधी नहाणीत पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्याच्या छताला हात लावून बघायचं, मगच लादी. हे सगळं चोख आहे, मी स्वतःच्या घरी पाळलंय. फक्त वर्तमानपत्र धरायला आमच्याकडे कोणी तयार होईना.

मग काकांच्याच घरी काम निघालं. आता काकांना स्वतःच्या औषधाची चव कळणार, म्हणून बिल्डिंग टपून बसली होती. मिस्त्री तोच, श्रीखंडवाला. मोरी फोडताना त्याचा घण घसरला आणि काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्याचे दोन तुकडे झाले. मिस्त्रीचा रंगच उडाला. ज्यानं दुसऱ्याच्या श्रीखंडाचे पैसे वसूल केले तो स्वतःच्या ओट्याचे किती करील? त्यानं काकांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "काका, ग्रॅनाइट लगा के देता हूं. काला. एक पैसा नहीं."

काका खाली बसले. टेप लावली. कडप्पा लग्नाच्या वर्षीचा, 1978. दोन कडा उडालेल्या, मधे मिक्सरनं केलेला खड्डा. उरलेली किंमत शून्य, भंगाराची किंमत तीस रुपये, कारण त्याचा तुकडा पाटा म्हणून चालेल. समोर ग्रॅनाइट, कोरा. म्हणजे आदल्या मिनिटाला आपण जिथे होतो त्याच्या किती तरी पुढे जाऊन बसतोय. काकांनी ग्रॅनाइटचा दर विचारला, आकडे मांडले आणि मिस्त्रीला सांगितलं, की हिशेबानं तू मला काही देणं लागत नाहीस. मीच तुला फरकाचे चार हजार सहाशे सत्तर देणं लागतो.

मिस्त्रीनं आयुष्यात बरेच मालक पाहिले होते, पण हा प्रकार त्याला नवा होता. तो काकूंकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "ओटा मोडला त्यानं, आणि पैसे आपण द्यायचे?"

"आपलं नुकसान झालेलंच नाही. आपला फायदा झालाय."

"असं? मग त्या फायद्यावरच लाटा पोळ्या."

आणि काकूंनी ओटा बसेपर्यंत गॅस पेटवला नाही. काका सकाळी 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि रात्री मामा काण्यांकडे थालीपीठ खात होते. वहीत त्या बिलांचीही नोंद आहे. भारतीय करार कायदा, 1872, कलम 73. करार मोडल्यानं सरळ जे नुकसान होतं ते मिळतं. लांबून, वळसा घालून येणारं मिळत नाही. साबुदाणा वड्यापुढे काकांनी लाल शाईनं लिहिलंय, 'अप्रत्यक्ष. अदेय.' पत्नीच्या रागामुळे झालेला खर्च मिस्त्रीवर टाकणं त्यांना अन्याय वाटलं. चार हजार सहाशे सत्तर मात्र त्यांनी दिले. मिस्त्रीनं घेतले, मोजले, आणि त्या दिवसापासून तो काकांचा शिष्य झाला.

शिष्य धोकादायक असतात. दादर ते परळ, जिथे जिथे हा मिस्त्री आणि त्याच्या ओळखीचे वायरमन, प्लंबर काही फोडतात, तिथे आता मालकानं तोंड उघडायच्या आत "पहले घसारा निकालो" असं ऐकू येतं. हे लोण लालबागला पोचलं ते एप्रिलमध्ये, म्हणजे मिरच्यांच्या ऐन मोसमात. एका मसालेवाल्या मावशींच्या कांडपयंत्राची लाइन बदलायला गेलेल्या वायरमननं उलटी जोडणी करून मोटार जाळली. मावशी मोटारीचे पैसे मागत होत्या आणि दुकान बंद राहिलेल्या आठ दिवसांची कमाईही. वायरमन घसारा मागत होता. शेवटी मिस्त्रीनंच काकांना टॅक्सीत घालून नेलं.

काका मसाल्याच्या पोत्यावर बसले, शिंकले, मोटारीची पाटी वाचली. मोटार बारा वर्षांची. घसारा वजा जाता जे उरलं ते वायरमननं द्यावं. आठ दिवसांची कमाई मात्र मिळणार नाही, आणि त्यासाठी त्यांनी 1854 सालचा इंग्लंडातला खटला सांगायला घेतला. ग्लॉस्टरला एक गिरणी होती. गिरणीचा दांडा मोडला. नवा करून आणायला तो नमुन्यादाखल वाहतूकवाल्याकडे दिला. त्यानं उशीर केला, गिरणी बंद पडून राहिली. मालकानं बंद दिवसांचं नुकसान मागितलं. कोर्ट म्हणालं, वाहतूकवाल्याला काय माहीत तुमच्याकडे दुसरा दांडा नाही?

शेजारच्या चाळीतले एक म्हातारे आजोबा बाकड्यावर बसून ऐकत होते. गिरणी शब्द ऐकून ते सरसावले. "किती दिवस बंद होती?"

"जास्तीचे काही दिवस. पिठाची गिरणी होती."

"काही दिवस?" आजोबा म्हणाले. "आणि त्याला कोर्टात गेले?" ते 18 जानेवारी 1982 ला संपावर गेलेल्या कापड गिरणी कामगारांपैकी. त्यांची गिरणी जिथे होती तिथे आता काचेचा टॉवर आहे. काकांनी वहीत डोकं घातलं. त्या नुकसानाला कोणतं कलम लावायचं हे त्यांच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी ते वाचायचं धाडस मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

मावशी मात्र हिशेबातून हलल्या नव्हत्या. "तुमच्या त्या गिरणीवाल्यानं गाडीवाल्याला सांगितलं नव्हतं ना, दुसरा दांडा नाही म्हणून?"

"नाही. तोच तर मुद्दा."

"मी सांगितलं होतं. ह्याला. हात लावायच्या आधी. म्हटलं, बाबा, सीझन आहे, हे बंद पडलं तर माझं रोजचं बुडेल. हे आजोबा साक्षीला आहेत."

आजोबांनी मान हलवली. काकांनी पेन खाली ठेवलं. त्याच खटल्यात पुढे तेच म्हटलंय, की समोरच्याला आधी माहीत असेल तर तो देणं लागतो. पन्नास वर्षांत हा मुद्दा काकांपुढे एवढा सरळ कोणी मांडला नसावा. कमीत कमी हातात मिरचीचं सूप घेऊन तरी नाही. त्यांनी पोत्यावरून उठून मावशींना नमस्कार केला. वायरमन कळवळून मिस्त्रीकडे बघायला लागला. मिस्त्रीनं आपलं एकमेव शस्त्र बाहेर काढलं, "लेकिन काका, घसारा?"

"घसारा काढा की," मावशी म्हणाल्या. "मोटारीचा काढा. पण मग ह्याच्या मजुरीचा पण काढा. वीस वर्षांपूर्वी ह्याचा हात जसा चालायचा तसा आज चालतो का? चालला असता तर वायर उलटी लागली असती? मग मजुरी नव्या हाताची कशाला घेतो?"

दुकानात कोणी बोलेना. काका बराच वेळ छताकडे बघत राहिले, तिथे एक भेग होतीच. मग त्यांनी वहीचं नवं पान उघडलं, पट्टीनं सरळ रेघ मारून एक नवा रकाना आखला, त्यावर 'कारागीर' असं लिहिलं आणि वायरमनला विचारलं, "वय काय तुझं?"

वायरमननं सहा वर्षं कमी सांगितलं.